कुंडीचा हिरवेपणा कशात?

घरात कोथिंबीर-पुदिना लावताना कुंडी ‘पर्यावरणस्नेही’ आहे का, हे तिच्यावरच्या चिठ्ठीवरून नव्हे, मुळांना विचारून ठरवावं. घरातली रोपं अनेकदा तहानेने नाही, लाडाने मरतात: साचलेलं पाणी मातीतल्या पोकळ्यांतली हवा हाकलतं आणि मुळं कुजतात. झिलई नसलेली भाजक्या मातीची कुंडी सच्छिद्र असते; माठासारखंच तिच्या अंगातून पाणी झिरपून उडून जातं. ऊन-वारा बेताचाच असलेल्या खोलीत हा गुण मोलाचा. ‘पण भट्टीत इंधन जळतंच की!’ हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच हिशेब वर्षांचा हवा. जपून वापरलेली कुंडी कित्येक हंगाम चालते. फुटलीच, तर तिचं खापर पुढच्या कुंडीच्या भोकावर ठेवता येतं. करवंटी फुकट मिळते खरी, पण तिच्यात माती मूठभर, आणि कोथिंबिरीला सोटमूळ असतं. काथ्याची कुंडी हवेशीर खरी, मात्र भराभर सुकते.

अर्थात कुंडी कोणतीही असो, उजेडाची उणीव ती भरून काढत नाही. भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, खोलीच्या मध्यभागी जेमतेम काहीशे. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. कोथिंबिरीला जाणवतो, ती लांबट, फिकट होऊन लोळते. पुदिना खिडकीपाशी अर्ध्या उन्हावरही भागवून घेतो.