जाळरेषेवरची हजेरी

हसनाबाद हे भोकरदन तालुक्यातले गाव, म्हणजे कपाशी, मका आणि सोयाबीन यांच्या मुलखातले. येथील माणसाला जंगल कोठे आहे असे विचारले, तर तो बांधावरच्या लिंबाबाभळींकडे बोट दाखवणार नाही. तो उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराकडे हात करील. जालना जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, इतकेच नव्हे, तर राज्यातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकही मराठवाड्याच्या वाट्याला आलेले नाही. ताडोबा, नवेगाव, पेंच आणि गुगामल ही चारही विदर्भात. संजय गांधी उद्यान मुंबईच्या अंगणात. चांदोली सह्याद्रीच्या कुशीत. आम्हाला जवळचे संरक्षित अरण्य म्हणावे असे आहे ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली घोषित झालेले, सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्राचे, कन्नड आणि चाळीसगाव या दोन तालुक्यांत घाटमाथ्यावर आणि घाटाखाली पसरलेले. अशा अरण्याची निगा राखणाऱ्या माणसांविषयी, आणि विशेषतः त्या माणसांकडून काम करवून घेणाऱ्याविषयी, मला येथे लिहावयाचे आहे. कारण वाघाविषयी पुष्कळ लिहिले जाते, वाघाच्या वाटेवरचे गवत कापणाऱ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द नित्याच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यांच्यात केलेला भेद देखरेख करणाऱ्याला पावलोपावली जाणवतो. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मुभा नाही. अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवता येते, आणि पूर्वापार हक्कांपैकी काही हक्क रीतसर परवानगीने चालू राहू शकतात. यामुळे गुगामलच्या गाभ्यातील वनरक्षकाला ज्या वाटेवर केवळ श्वापदांची पावले उमटलेली दिसावीत, तशाच वाटेवर गौताळ्यातील त्याच्या बंधूला गुराखी भेटतो, सरपणाची मोळी भेटते, आणि पितळखोऱ्याची लेणी पाहावयास निघालेले प्रवासीही भेटतात. जाळरेषा, पाणवठे, रस्ते आणि चौक्या यांची कामे दोन्हीकडे एकाच जातीची; परंतु अभयारण्यात ती माणसांच्या वर्दळीत करावी लागतात, आणि म्हणून तेथील देखरेखीत अर्धा वाटा समजूत घालण्याचा असतो.

खात्याची उतरंड थोडक्यात सांगतो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या हाताखाली वनपाल, आणि वनपालाकडे काही नियतक्षेत्रे मिळून झालेले एक वर्तुळ. प्रत्येक नियतक्षेत्राला एक वनरक्षक, ज्याला विदर्भातील खेड्यांतून नाकेदार म्हणतात. आणि त्याच्या मागून विळा-कुऱ्हाड घेऊन चालणारे वनमजूर, थोडे कायम, बहुतेक हंगामी रोजंदारीचे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, त्या काळी या खात्याचे नाव ‘जंगलात’ असे होते आणि त्याच्या दप्तरात तारखा फसली सनात पडत. राज्य बदलले, दप्तराची भाषा बदलली. पण पहाटे टोळी गोळा करणे, हजेरी मांडणे, कामाची वाटणी करणे आणि संध्याकाळी झालेले काम स्वतः चालून पाहणे, हा क्रम काही बदलला नाही.

मराठवाड्यातील वाचकाला मुकादम, हजेरीपत्रक आणि टोळी हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना खडी फोडण्याची, पाझर तलावांची आणि नालाबांधांची कामे ठाऊक आहेत. कामावर वाटली जाणारी सुकडी ठाऊक आहे. आणि त्याच दुष्काळातून उभी राहिलेली, पुढे कायद्याचे रूप घेऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेली रोजगार हमी योजनाही ठाऊक आहे. त्या कामांवर देखरेख करणे कष्टाचे होते, पण त्याला माप होते: खडी किती ब्रास, माती किती घनमीटर, हे टेप लावून सांगता येई, आणि मापाप्रमाणे दाम पडे. जंगलातील निगराणीचे सर्वांत मोठे काम असे आहे की, ते उत्तम झाले म्हणजे काहीच घडत नाही. डोंगर जळला नाही, एवढाच त्याचा पुरावा. आणि न जळलेल्या डोंगराला टेप लावता येत नाही. म्हणूनच माझ्या मते येथे देखरेख करणाऱ्याचे पाय त्याच्या लेखणीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात. जे काम तो स्वतः चालून पाहणार नाही, ते झाले की नाही हे पहिल्या वणव्यापर्यंत कोणालाच कळणार नाही.

जाळरेषेचेच काम पाहा. पावसाळा ओसरला की उतारावरचे गवत कमरेला लागते. पौषापर्यंत ते पिवळे पडते, आणि माघात वाऱ्याची झुळूक आली तरी सळसळते. महाराष्ट्राच्या वनखात्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. पण टोळीचा हंगाम त्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेला असतो, कारण त्या तारखेला रेषा तयार असावी लागते. वनकक्षांच्या सीमेवरून, रस्त्यांच्या दुतर्फा आणि गावांच्या सरहद्दीवरून एक पट्टा आखायचा, त्यातील गवत कापून वाळू द्यायचे, आणि मग ते आपल्या देखत, आपण ठरविलेल्या वेळी जाळून टाकायचे, म्हणजे पुढे अवचित येणाऱ्या आगीला त्या पट्ट्यात खाण्यास काही उरू नये: इतकी साधी ही कल्पना आहे. करणीत मात्र ती मुळीच साधी नाही. आग चढाला धावते आणि उताराला रांगते. यास्तव ती वरच्या अंगाने लावून खाली उतरवीत आणावी लागते. वारा पडलेला असावा, उन्हाचा ताव उतरलेला असावा. काडी लावणारा एकच असावा, आणि बाकीच्यांनी हिरव्या डहाळ्या हाती घेऊन पट्ट्याच्या कडेला अंतराअंतरावर उभे राहावे. अनुभवी वनपाल काडी लावणाऱ्याच्या शेजारी उभा राहत नाही. आग कोठून निसटेल याचा त्याने आधीच अदमास घेतलेला असतो, आणि तो त्या जागी जाऊन उभा राहतो.

यातही एक बारकावा असा की, पुष्कळ वेळा रेषा फसते ती गवतामुळे नव्हे, तर आडव्या पडलेल्या एखाद्या वाळक्या खोडामुळे. पट्टा स्वच्छ झालेला असतो, पण त्यावर या काठापासून त्या काठापर्यंत सालईचे एक मेलेले झाड पडून राहिलेले असते, आणि वणवा आला की तो त्या खोडावरून, पुलावरून जावा तसा, पलीकडे जातो. जाळून झाल्यावरही ओंडके आणि खुंट आतल्या आत रात्रभर धुमसत राहतात. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच तीच रेषा पुन्हा चालावी लागते. या दुसऱ्या फेरीचे महत्त्व न कळलेला माणूस हजेरीपत्रक कितीही सुबक लिहो, त्याचे जंगल सुरक्षित नाही.

अलीकडे या कामाला नवी साधने मिळाली आहेत. पाला उडवून पट्टा साफ करणारी ब्लोअर यंत्रे टोळ्यांच्या पाठीवर आली, आणि डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर येऊ लागली. त्या उपग्रहांपैकी एका प्रकारचे यंत्र सुमारे ३७५ मीटरांचा चौकोन हे एकक धरून जमीन पाहते. ही सोय मोठी आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु संदेशातील अक्षांश-रेखांशाच्या ठिकाणी कोणत्या ओहोळाने लवकर पोहोचता येईल, मध्ये कडा आहे की उतार, हे त्या टोळीतील एखाद्या वयस्क मजुरालाच ठाऊक असते. आणि त्याचा शब्द मानण्याइतका मोकळेपणा वरच्या माणसापाशी नसेल, तर संदेश वेळेवर येऊनही आग वाढते.

वणवा आपोआप लागतो असे मानण्याचे आपल्याकडे कारण नाही. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो, नवे गवत लवकर फुटेल या समजुतीने कुरण पेटविले जाते, विझवायची राहिलेली विडी असते, मध काढण्यासाठी केलेला धूर असतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग विझविण्यास मदत करावी असे बंधनही आहे. पण कलम सांगून कोणी रात्री डोंगर चढत नाही. ज्या वनपालाने दिवाळीपासून वस्तीवर जाणेयेणे ठेवले आहे, कोणाच्या गोठ्यातील गाय आजारी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या एका हाकेला माणसे येतात.

उन्हाळा चढला की टोळीचे लक्ष आगीवरून पाण्याकडे वळते, वस्तुतः दोन्हींकडे एकाच वेळी ठेवावे लागते. नाल्यातील झिरे उकरून मोकळे करणे, वनतळ्यातील गाळ उपसणे, आणि जेथे नैसर्गिक पाणी राहत नाही तेथे बांधलेले बशीच्या आकाराचे सिमेंटचे पाणवठे टँकरने किंवा सौरपंपाने भरणे, ही ती कामे. बशीचा आकार शोभेसाठी नाही. काठ उभा ठेवला तर ससा, मुंगूस किंवा हरणाचे पाडस पाण्यात पडून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून उतार धीमा ठेवतात. पाणी भरून परत फिरणे एवढ्यावर हे काम संपत नाही. आटत चाललेल्या पाण्यात शिकारी विष कालवतात. म्हणून काठावर बेडूक वा किडे मरून पडले आहेत काय, पाण्यावर नेहमीच्या मधमाश्या येतात की नाही, हे पाहण्याची सवय देखरेख करणाऱ्याने टोळीतील प्रत्येकाला लावावी लागते.

हे सर्व करताना माणसे सुखरूप राहिली पाहिजेत. कापायच्या गवतात घोणस आणि फुरसे असते, घाणेरीच्या जाळीत अस्वल असू शकते, कड्याला आग्या मोहोळ असते आणि एकाच्या विडीच्या धुराने ते सगळ्या टोळीवर उठते. म्हणून जाणता माणूस दोनदा हजेरी घेतो. सकाळची हजेरी मजुरीसाठी असते आणि ती कागदावर उतरते. संध्याकाळची हजेरी कोठे लिहिली जात नाही. पण सारी माणसे जंगलाबाहेर आली हे डोके मोजून पाहिल्याशिवाय तो पाठ फिरवीत नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी प्रकल्पात एक महिला वनरक्षक आपल्याबरोबरच्या तीन मजुरांसह व्याघ्रगणनेसाठी खुणा शोधीत पायी निघाली होती. वाटेवर वाघीण बसलेली दिसली. त्यांनी थांबून वाट पाहिली, मग झाडीतून वळसा घेतला, आणि त्या वळशात वाघिणीने तिला गाठले. घाई नव्हती, बेपर्वाई नव्हती. तिच्याबरोबरचे तिघे परतले. आपल्या करमणुकीच्या सहलींचा हिशेब मांडताना ही किंमतही आपण लक्षात ठेवली पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते.

या परिश्रमाचे फळ कधीकधी दिसतेही. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकंती करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्याच टिपेश्वरचा दुसरा एक वाघ गौताळ्यातील कॅमेऱ्यात दिसला, जेथे कित्येक दशके वाघ नव्हता. मधला सारा मुलूख आमच्यासारखाच, शेताशिवारांचा. गौताळ्यातील त्या वाघाला शेवटी थांबावेसे वाटले ते जेथे आडोसा शिल्लक होता आणि पाणी होते तेथे. आणि त्या आडोशामागे किती माघमहिन्यांचे गवत कापलेले होते, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

हंगामाच्या अखेरीस एक पेच दरवर्षी उभा राहतो. वणव्याची मुदत १५ जूनपर्यंत, आणि मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. टोळीतील बहुतेक मजूर कोरडवाहू शेतकरी असतात. आभाळ भरून आले की त्यांचे मन तिफणीकडे धावते, बियाणे घरात आणायचे असते, आणि खात्याला मात्र अजून आठवडाभर माणूस रेषेवर हवा असतो. अशा वेळी हुकूम चालत नाही. वनपाल टोळीत बसून विचारतो, कोणाच्या शिवारात पाऊस झाला, कोणाचा बैल उसना आहे, कोण एक दिवस आड येऊ शकेल. आणि त्याप्रमाणे पाळ्या लावतो. ज्याच्या रानात ओल झाली, त्याला तो आधी सोडतो. ज्याचे रान कोरडे आहे तो, आभाळाकडे पाहत, आणखी दोन दिवस डोंगरावर राहतो.