घर एक, चूल वेगळी

एका वाड्यात दोन भाऊ राहतात. धाकट्याची चूल वेगळी आहे. आज काय शिजवायचे, मुलांना कोणत्या शाळेत घालायचे, हे तो स्वतः ठरवतो. पण वाड्याचे कुंपण एक. वाड्याच्या वतीने सरकारदरबारी थोरलाच बोलतो.

आपल्याकडे ही रीत कुणाला नवी नाही. पण देशाच्या कारभारात ती चालेल का? चालते, बरं का! युरोपात एके ठिकाणी ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिला स्वायत्तता म्हणतात. स्वायत्तता म्हणजे देशातच राहून आपला घरचा कारभार आपण पाहणे.

युरोपच्या उत्तरेला स्वीडन आणि फिनलंड असे दोन देश आहेत. त्यांच्या मधल्या समुद्रात ऑलांड नावाची बेटे आहेत. लहानमोठी बेटे हजारो आहेत, पण वस्ती थोड्याच बेटांवर. सगळे मिळून लोक तीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गाव समजा! हे लोक पूर्वीपासून दर्यावर्दी. त्यांची भाषा स्वीडिश. फिनलंडमधल्या बहुतेक लोकांची भाषा फिनिश. या दोन भाषा एका कुळातल्या नाहीत. एकाचे बोलणे दुसऱ्याला शिकल्यावाचून कळत नाही.

पूर्वी फिनलंड आणि ऑलांड दोन्ही स्वीडनच्या राज्यात होते. १८०९ साली रशियाने ते जिंकून घेतले. पुढे १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि फिनलंड स्वतंत्र झाला. तेव्हा ऑलांडचे लोक म्हणाले, “आमची भाषा स्वीडिश, आम्हांला स्वीडनमध्ये जाऊ द्या.” सात हजारांवर प्रौढ माणसांनी तशा अर्जावर सह्या केल्या. फिनलंड म्हणाला, “बेटे आमची आहेत. ती आम्ही सोडणार नाही.”

फिनलंडने १९२० साली कायदा करून बेटांना स्वायत्तता देऊ केली. लोकांना ती नको होती. त्यांना स्वीडनच हवा होता. तेव्हा सरकारने सुंडब्लूम आणि ब्यर्कमान या त्यांच्या दोन पुढाऱ्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले. वातावरण तापले. स्वीडन आणि फिनलंड यांच्यात वितुष्ट आले.

अशा वेळी काय होते, हे जगाने पुष्कळदा पाहिले आहे. तलवारी निघतात, घरे जळतात. इथे तसे झाले नाही. भांडण राष्ट्रसंघापुढे गेले. पहिल्या महायुद्धानंतर देशादेशांतले तंटे मिटवण्यासाठी ही संस्था निघाली होती. तिने जून १९२१ मध्ये निकाल दिला.

निकालात तिन्ही पक्षांना थोडे मिळाले आणि थोडे सोडावे लागले. बेटे फिनलंडची राहिली. पण लोकांची भाषा, चालीरीती आणि जमीन सांभाळण्याची हमी फिनलंडने द्यावी असे ठरले. स्वीडनला बेटे मिळाली नाहीत. पण तिथे किल्ले बांधू नयेत, फौज ठेवू नये, असा करार झाला. त्यामुळे दाराशी तोफा येण्याची त्याची भीती गेली. निकाल स्वीडनला कडू लागला, तरी त्याने तो मानला.

९ जून १९२२ रोजी बेटांची स्वतःची विधानसभा प्रथम भरली. तिचा पहिला सभापती कोण झाला? सुंडब्लूम! आणि सरकारचा पहिला प्रमुख? ब्यर्कमान! काल ज्यांना राजद्रोही म्हणून धरले, त्यांच्याच हाती कारभार आला. ज्यांना ही व्यवस्था नको होती, त्यांनीच ती वर्षानुवर्षे चालवून दाखवली.

आता हा कारभार कसा चालतो ते पाहू. विधानसभेत ३० सभासद असतात. शाळा, दवाखाने, पोलीस, शेती, मासेमारी यांचे कायदे ती करते. परराष्ट्राशी व्यवहार, न्यायालये आणि जकात ही कामे फिनलंडकडे आहेत. बहुतेक कर फिनलंड गोळा करतो आणि त्यातला ठराविक वाटा बेटांना देतो. फिनलंडच्या लोकसभेत बेटांचा एक प्रतिनिधी बसतो. बेटांचा स्वतःचा झेंडा १९५४ पासून आहे. टपालाची तिकिटे १९८४ पासून आहेत.

बाहेरच्या माणसाला तिथे सहजासहजी जमीन घेता येत नाही. त्यासाठी स्थानिक रहिवासाचा हक्क लागतो. बाहेरून आलेल्या फिनलंडच्या नागरिकाला तो पाच वर्षे राहिल्यावर आणि स्वीडिश येत असेल तरच मिळतो. विधानसभेच्या मतदानालाही हाच हक्क लागतो.

सगळ्यांत मोठी गोष्ट पुढेच आहे. स्वायत्ततेचा कायदा फिनलंडला एकट्याने बदलता येत नाही. बेटांच्या विधानसभेची संमती लागते. दिलेला शब्द मोठ्याने एकतर्फी मोडू नये, म्हणून ही गाठ मारली आहे.

सगळे गोड आहे असे समजू नका. राजधानीतून कागद फिनिश भाषेत येतात, अशी कुरकुर बेटांवर असते. अधिकार कोणाचा यावरून वाद होतात. मोठ्या फिनलंडमध्ये आपली भाषा टिकेल का, ही काळजीही असते. पण हे वाद कागदावर आणि बैठकीत होतात. तीस हजार लोकांना आपले म्हणणे ऐकवायला दगड उचलावा लागत नाही. आणि त्यांना वेगळी चूल दिली म्हणून फिनलंडचा वाडा काही मोडला नाही.

विचार करा आणि आपसांत बोला :
१. ऑलांडच्या लोकांना स्वीडनमध्ये का जायचे होते?
२. निकालात कोणाला काय मिळाले? कोणी काय सोडले?
३. दुबळ्याला दिलेला शब्द बलवानाने पाळावा, म्हणून कायद्यात काय सोय केली आहे?