अभियांत्रिकी व्यवस्थापन : पदवी, परिभाषा आणि अहिल्यानगरचा साखरपट्टा

‘अभियांत्रिकी व्यवस्थापन’ हा जोडशब्द विद्यापीठीय पत्रकांतून आता रूढ होऊ लागला आहे. यंत्रे, बांधकामे व उत्पादनप्रक्रिया यांचे शास्त्र एकीकडे आणि माणसे, पैसा व वेळ यांची योजना दुसरीकडे, अशा दोन्ही अंगांचे शिक्षण ज्या अभ्यासक्रमात मिळते त्याचे हे नाव, असा त्याचा स्थूल अर्थ करता येईल. प्रस्तुत लेखक अभियंता नव्हे, व्यवस्थापनशास्त्राचा अध्यापकही नव्हे. भाषाशास्त्र हा त्याचा विषय. तथापि या पदवीपुढील एक महत्त्वाची अडचण मुळात भाषेची आहे, अशी त्याची खात्री झाल्यामुळे हा विषय येथे मांडावयाचा आहे.

प्रथम या अभ्यासक्रमाचे स्वरूप पाहू. कारखान्याचा हिशेब व माणसांची योजना हे अभियंत्याचेच काम आहे, हा विचार हेन्री टाउन यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात मांडला. फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील प्रसिद्ध ग्रंथ १९११ चा. टेलर हेही यंत्र-अभियंतेच. मिसुरी राज्यातील रोला येथील विद्यापीठात १९६७ साली या नावाचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने १९६३ मध्ये मुंबईत, विहार तलावाच्या परिसरात, औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय प्रबंध संस्थेत झाले. सामान्य व्यवस्थापन-पदवीत बाजारपेठ, वित्त आणि मनुष्यबळ यांना प्राधान्य असते. अभियांत्रिकी व्यवस्थापनात ते कार्यमापन, गुणवत्तानियंत्रण, साठ्याचे नियोजन, प्रकल्पाचे वेळापत्रक आणि रांगेचे गणित यांना असते. महाराष्ट्रातील विद्यार्थी बहुधा चार वर्षांची अभियांत्रिकीची पदवी घेऊन नंतर दोन वर्षे व्यवस्थापन शिकतो, म्हणजे जोडकाम त्याचे त्यालाच करावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाच्या जोडीस दुय्यम विषय घेण्याची वाट रुंदावली आहे. त्यामुळे हा संगम आता पदवीच्या पातळीवरच घडू शकतो.

शब्दांच्या कुळाकडे पाहिले तर मौज वाटते. ‘अभियंता’ या शब्दात ‘यम्’ म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे हा धातू आहे. ‘यंत्र’ही त्याच धातूचे. संस्कृतात ‘यन्ता’ म्हणजे सारथी. इंग्रजीतील ‘मॅनेज’ हे क्रियापद ज्या इटालियन शब्दावरून आले त्याचा मूळ अर्थ घोडा हाताने वळविणे, शिकविणे असा होता. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपला अभियंता आणि त्यांचा मॅनेजर हे दोघेही लगाम धरणारेच. मराठी राज्यातील किल्ल्यांवर कोठारातील साहित्याची व्यवस्था व हिशेब पाहणारा ‘कारखानीस’ नावाचा अधिकारी असे. आज तो शब्द केवळ आडनावात उरला आहे. या दोन विद्यांची फारकत आपल्या भाषेत मुळात नव्हती. ती पुढे विद्याशाखांनी केली आणि परिभाषेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मोलाचे परिभाषाकोश सिद्ध केले. त्यांत यंत्र अभियांत्रिकीचा कोश निराळा आणि व्यवसाय व्यवस्थापनाचा निराळा आहे. कारखान्याच्या आवारात मात्र हे दोन कोश एकाच माणसाच्या तोंडी असावे लागतात.

हे कोठे दिसते हे पाहण्यास अहिल्यानगर जिल्ह्याइतके (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) सोयीचे ठिकाण थोडेच असेल. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. शेतकऱ्यांचे संघटन आणि अर्थशास्त्रज्ञाची शिस्त यांची ती सांगड होती. पुढे १९८३ साली राज्य शासनाने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली, तेव्हा त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तिन्ही ठिकाणी, सहकारी साखर कारखानदारीतून पुढे आलेल्या नेतृत्वाने महाविद्यालये काढली. वर्गखोली आणि गव्हाण यांमधील अंतर इतके थोडे अन्यत्र क्वचितच आढळेल.

साखर कारखाना हा अभियांत्रिकी व्यवस्थापनाचा जणू मूर्तिमंत पाठ आहे. ऊस तोडल्याबरोबर त्यातील शर्करेचे विघटन सुरू होते. शक्य तर एका दिवसाच्या आत तो गाळला जावा लागतो. उशीर झाला की उतारा घटतो. आणि शेतकऱ्यास द्यावयाचा किमान दर २००९ पासूनच्या पद्धतीत उताऱ्याशी बांधलेला असल्याने त्या घटीची झळ अखेर बांधापर्यंत पोहोचते. म्हणून शेतकी विभागाचा तोडणी-कार्यक्रम, टोळ्यांची वाटणी, गाड्यांचा नंबर, काटा, गव्हाण आणि बॉयलर ही साखळी कोठेही तुटता कामा नये.

यांपैकी एकच कडी घेऊ. गाड्या अनियमित येतात व रिकाम्या होण्यासही कमीअधिक वेळ लागतो. कोपनहेगनच्या दूरध्वनी-केंद्रासाठी एर्लांग यांनी १९०९ मध्ये ज्या गणिताचा पाया घातला, त्याचे सर्वांत साधे प्रतिमान येथे लावले, तर काटा त्याच्या क्षमतेच्या ८० टक्के वापरला जात असताना आवारात सरासरी ४ गाड्या असतात. ९० टक्क्यांवर ९, आणि ९५ टक्क्यांवर १९. म्हणजे काम थोडेसे वाढले तरी रांग दुपटीने लांबते. आवारात रात्र काढणाऱ्या गाडीवानास हे अनुभवाने ठाऊक असते. ते का घडते आणि त्यावर दुसरा काटा हा उपाय आहे की येण्याच्या वेळा बांधून देणे हा, हे सांगणे पदवीधराचे काम.

येथवर सूत्र आणि वस्तुस्थिती यांचे जुळते. जेथे माणसे मोजावयाची येतात तेथे मात्र घोटाळा होतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील पदवीपूर्व प्रकल्पाचे मराठी सारांश पाहण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. ऊसतोडणीच्या कार्यमापनावरील त्या इंग्रजी अहवालात टोळीतील ‘कामगारांची संख्या १२’ अशी नोंद होती आणि तीवरून दरडोई उत्पादकता काढलेली होती. सारांशात मात्र ‘१२ कोयते’ असे होते. लिहिणारा विद्यार्थी पाथर्डी तालुक्यातील, त्याचे आईवडील तोडीस जाणारे. विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, “सर, बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं.” मग अहवालात बारा का लिहिली? “तिथं ‘वर्कर’ असा रकाना होता.”

हा प्रमाद केवळ अंकगणिताचा नाही. ‘कोयता’ हे तोडणीच्या व्यवहारातील श्रमाचे एकक होय. पतिपत्नी मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल कोयत्यावर दिली जाते, करार कोयत्यावर होतो. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे व त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे यांत स्त्रीचा वाटा उघड असूनही तिचे नाव एककाच्या पोटात लुप्त होते. विद्यार्थ्याने ‘कोयता’ म्हणजे ‘वर्कर’ असे भाषांतर केले तेव्हा त्याने स्वतःच्या आईस हिशेबातून वगळले, आणि दरडोई काम दुप्पट दाखविले. अशा दुप्पट आकड्यावर पुढील हंगामाचे प्रमाण बेतले तर त्याचा भार कोणावर पडेल, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अन्य शब्दांचीही तीच गत. ‘उचल’ म्हणजे ‘आगाऊ रक्कम’ असे कोश सांगेल. परंतु हंगामापूर्वी मुकादमामार्फत मिळणारी आणि टनामागच्या मजुरीतून फेडावयाची ही रक्कम माणसास हंगामभर बांधून ठेवते, हे त्या प्रतिशब्दात येत नाही. ‘खाडा’ म्हणजे केवळ गैरहजेरी नव्हे. तिच्याबद्दल आकारला जाणारा दंडही त्यात गृहीत असतो. मुकादम हा ग्रंथांतील ‘पर्यवेक्षक’ म्हणावा, तर तोच सावकार, तोच जामीनदार आणि पुष्कळदा तोच गावचा नातलग. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातील अधिकारवृक्षाच्या आकृतीत अशा माणसास कोणती चौकट द्यावी?

यावर असा आक्षेप येईल की, पदवीधर शेवटी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत वा परदेशी जातात; तेथे कोयता कोणास विचारतो? आक्षेप अगदीच निराधार नाही, आणि इंग्रजी परिभाषा टाकून द्यावी असेही येथे सुचवावयाचे नाही. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग निघाला, ही स्वागतार्ह घटना. तथापि माध्यम बदलले म्हणजे मोजमापाची एकके आपोआप बदलतात असे नव्हे. ‘वर्कर’च्या जागी ‘कामगार’ लिहून बारा हा आकडा तसाच राहिला असता. ठेक्यावरील मजूर, दलालामार्फतची भरती आणि कुटुंबाचे एकत्र श्रम चाकणलाही आहेत. तेथील शब्द निराळे असतील इतकेच.

म्हणून सूचना अगदी मर्यादित आहे. या अभ्यासक्रमातील कार्यमापनाच्या प्रकल्पास मोजण्यापूर्वीचे एक प्रकरण असावे: ज्या ठिकाणी पाहणी केली तेथील माणसे कामाचे, वेळेचे आणि मोबदल्याचे कोणते शब्द वापरतात, प्रत्येक शब्दात किती माणसे, किती तास व कोणते देणे सामावलेले आहे, याची सारणी. ‘कोयता’ या रकान्याखाली पुरुष किती, स्त्रिया किती, हाताशी राबणारी मुले किती, हे निरनिराळे लिहावे. हे काम भाषाविभागातील विद्यार्थ्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर करण्यासारखे आहे. आता तोडणीयंत्रेही फडात उतरली असून त्यांच्याबरोबर पाचटाच्या वजावटीचा नवा वाद आला आहे. तेव्हा सारणीत यंत्रचालकासाठीही एक ओळ राखून ठेवावी. त्या सारांशातील सारणी विद्यार्थ्याने पुढे दुरुस्त करून आणली; दरडोई आकडा निम्मा झाला होता आणि अहवालाचा निष्कर्ष त्यास नव्याने लिहावा लागला.