पी.आर. मिळाला म्हणजे परवाना मिळाला असं नाही

‘एकदा पी.आर. हातात पडला की तिकडच्या एखाद्या फार्मसीत लागायचं,’ असं बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाची मुलं सर्रास म्हणतात. कॅनडाला जायचं असेल तर या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या यंत्रणांची गल्लत झालेली असते. पी.आर., म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क, देतं तिथल्या केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं. तुमचं शिक्षण आणि ज्ञान तपासतं फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा, म्हणजे पीईबीसी. परवाना मात्र देतं त्या-त्या प्रांताचं कॉलेज. हे कॉलेज शिकण्याचं नव्हे, आपल्या स्टेट फार्मसी कौन्सिलसारखी नियामक संस्था. एकीकडून होकार आला म्हणून दुसरीकडचं दार आपोआप उघडत नाही आणि एजंट नेमकं हेच सांगायचं विसरतात.

गल्लतीचा पहिला फटका एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे पी.आर.साठीच्या ऑनलाइन अर्जातच बसतो. पदवीचं मूल्यांकन म्हटलं की सगळे डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) या संस्थेचं नाव घेतात. इंजिनिअर भावाने तिथूनच करून घेतलेलं असतं ना! पण मुख्य व्यवसाय फार्मासिस्ट दाखवला आणि त्यासाठी परवाना लागणार असेल, तर मूल्यांकन पीईबीसीकडूनच करावं लागतं. डब्ल्यूईएसला भरलेली फी मग पाण्यात जाते. पीईबीसीकडे जाण्याआधी ‘फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडा’वर नाव नोंदवून ओळखक्रमांक घ्यायचा असतो, तेही अनेकांना फार उशिरा कळतं.

कागदपत्रांचा विषय किरकोळ वाटतो, पण मराठी माणसाचा घाम इथेच निघतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेल्या मुलीचं तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. आपल्या डोळ्यांना ती एकच व्यक्ती दिसते. तिकडच्या तपासनिसाला दोन दिसतात आणि तो नावबदलाचा कायदेशीर पुरावा मागतो. शिवाय शिक्षणाची कागदपत्रं विद्यापीठाने थेट पाठवायची असतात, तुम्ही घरून नाही. परीक्षा विभागाच्या खिडकीवरच्या खेपा त्यामुळे चुकत नाहीत. त्या परदेशात बसून घालण्यापेक्षा निघण्यापूर्वी घातलेल्या बऱ्या.

आणखी एक समज असा की इथे रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणजे तिथेही फार्मासिस्ट. 1948 च्या फार्मसी कायद्याखाली आपल्याकडे डी.फार्म.वर नोंदणी होते, मेडिकल टाकता येतं. कॅनडात फार्मासिस्ट व्हायला विद्यापीठाची फार्मसीतली पदवी लागते, नुसती पदविका चालत नाही. चार वर्षांचं बी.फार्म. मात्र चालतं. अमेरिकेचा हिशेब याहून कडक आहे. तिथे 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्यांचा मूळ अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. बी.फार्म.वर एम.फार्म. केलं म्हणून ती अट भरून निघत नाही. 2008 पासून भारतात सुरू झालेलं सहा वर्षांचं फार्म.डी. तिथे उपयोगी पडतं. ‘आधी कॅनडा, मग तिथून अमेरिका’ असा बेत आखणाऱ्यांनी हे आधीच पाहून ठेवावं.

आता परीक्षा. कॅनडा किंवा अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून न शिकलेल्यांना आधी इव्हॅल्युएटिंग परीक्षा द्यावी लागते, त्यानंतर सर्वांचीच क्वालिफाइंग परीक्षा. तिचे दोन भाग: एक बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा ‘ऑस्की’. ‘पाठांतर पक्कं असलं की निघतं’ हा भ्रम ऑस्कीत फुटतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, प्रत्येक ठिकाणी मोजकी मिनिटं, समोर रुग्णाची भूमिका करणारं माणूस आणि कोपऱ्यात परीक्षक. समजा, एक बाई गुडघेदुखीवर आयबुप्रोफेन मागते. काउंटरवरच्या सवयीने आपला हात आधी पट्टीकडे जातो. इथे आधी विचारायचं असतं: आणखी कोणती औषधं चालू आहेत? ती वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेते, हे विचारल्याशिवाय ती सांगणार नाही. कळल्यावर रक्तस्रावाचा धोका तिला समजेल, पण ती घाबरणार नाही, अशा शब्दांत सांगायचं आणि पर्यायही सुचवायचा. फार्माकॉलॉजीत पहिला आलेला मुलगासुद्धा इथे अडखळतो, कारण माणसाशी असं बोलायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

हा भाग उगाच ठेवलेला नाही. तिथला फार्मासिस्ट लस टोचतो. आल्बर्टात 2007 पासून त्याला औषध लिहून देण्याचे अधिकार आहेत आणि ऑन्टॅरिओत 2023 पासून काही किरकोळ आजारांवर तोच औषध लिहून देतो. अफूजन्य औषधांच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस काउंटरशी येतो, फार्मासिस्ट संत्र्याच्या सरबतात मेथाडोन मिसळून देतो आणि तो ते पिऊन संपवेपर्यंत समोर उभा राहतो. आपल्या मेडिकलमध्ये दहा वर्षं काढलेल्यालाही हे काम नवंच.

पीईबीसीचं प्रमाणपत्र आलं की पेढे वाटायला हरकत नाही, पण काउंटरवर उभं राहता येत नाही. प्रांताची कायद्याची परीक्षा, भाषेचा पुरावा, देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किंवा त्याचं मूल्यमापन हे सगळं बाकी असतं आणि त्याचे नियम प्रांतागणिक बदलतात. क्वेबेकचा मामला तर निराळाच. तिथे पीईबीसीची अट नाही, समकक्षता तिथली संस्था स्वतः ठरवते आणि फ्रेंच आलंच पाहिजे.

परवाना येईपर्यंत घरी बसावं लागतं, हेही खरं नाही. फार्मसी असिस्टंट म्हणून बहुतेक ठिकाणी परवान्याविना काम मिळतं: मोठ्या बरणीतल्या गोळ्या मोजून रुग्णाच्या नावाच्या डबीत भरणं, लेबल लावणं, विमा कंपनीकडे बिल पाठवणं. तिथली यंत्रणा अंगवळणी पडायला याहून चांगली जागा नाही, फक्त शेवटची तपासणी तुमच्या हाती नसते. फार्मसी टेक्निशियन हे मात्र वेगळं, परवाना लागणारं पद आहे आणि त्याची पीईबीसीची परीक्षाही वेगळी आहे. एक सांभाळायचं: परवान्याआधी त्या प्रांतात स्वतःला ‘फार्मासिस्ट’ म्हणवून घेणं कायद्यात बसत नाही. लिंक्डइनवर नावापुढे ते लिहिलं असेल तर विमानात बसण्याआधी बदलून टाका.