मुखपृष्ठावरचा रिकामा डबा

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाच्या संगणकाचे छायाचित्र होते. हा संगणक सुटे भाग मागवून घरी जोडता येईल, असे अंकात म्हटले होते. छायाचित्रातला डबा मात्र आतून रिकामा होता. त्याच्या दर्शनी पट्टीवर फक्त खटके आणि लहान दिवे बसवलेले होते. असे का करावे लागले? आणि तरीही हा अंक घरगुती संगणकाच्या इतिहासात महत्त्वाचा का ठरला? त्यासाठी या मासिकामागची माणसे आणि त्यांची कामाची रीत पाहायला हवी.

झिफ-डेव्हिस या प्रकाशनसंस्थेने ऑक्टोबर १९५४ मध्ये हे मासिक सुरू केले. १९६३ पर्यंत त्याचा खप चार लाखांवर गेला होता. त्याचे वाचक होते हौशी लोक, म्हणजे घरच्या टेबलावर सोल्डरिंग करून काहीतरी बनवणारे. त्यांच्यासाठीच्या लेखात चार गोष्टी लागत: जोडणीची आकृती, सुट्या भागांची यादी, जुळणीचा क्रम आणि चाचणीची पद्धत. अशा मासिकाच्या संपादकाने स्वतः शोध लावायचा नसतो. लेखकाच्या टेबलावर चालणारे यंत्र अनोळखी वाचकाच्या टेबलावरही चालेल ना, हे त्याने पाहायचे असते.

१९७४ मध्ये आर्थर सॅल्सबर्ग संपादक झाले, तेव्हा मासिक मागे पडत चालले होते. ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या स्पर्धक मासिकाने सप्टेंबर १९७३ मध्ये डॉन लँकेस्टर यांचा ‘टीव्ही टाइपरायटर’ छापला होता. टाइप केलेली अक्षरे तो टीव्हीच्या पडद्यावर दाखवत असे. जुलै १९७४ मध्ये त्याच मासिकाने ‘मार्क-८’ हा छोटा संगणकही दिला. पण त्यासाठी वाचकाला पाच डॉलरची पुस्तिका वेगळी मागवावी लागे आणि सुटे भाग स्वतः शोधावे लागत. सॅल्सबर्ग आणि तांत्रिक संपादक लेस सॉलोमन यांना हवा होता सगळ्या भागांसह एकाच पत्त्यावरून मिळणारा संच.

असा संच देऊ शकणारा माणूस त्यांच्या जुन्या लेखकांपैकीच होता. एड रॉबर्ट्स यांनी १९६९ मध्ये फॉरेस्ट मिम्स आणि इतर मित्रांबरोबर न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे ‘मिट्स’ ही कंपनी काढली होती. सुरुवातीला ते हौशी अग्निबाणांवर बसवायची उपकरणे विकत. नोव्हेंबर १९७१ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये रॉबर्ट्स यांच्या गणनयंत्राचा संच मुखपृष्ठावर झळकला आणि चांगला खपला. पुढे मोठ्या कंपन्या तयार गणनयंत्रे इतकी स्वस्त विकू लागल्या, की संच विकणे परवडेना. १९७४ पर्यंत मिट्स कर्जात बुडाली होती.

त्याच वर्षी इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. त्याची सुटी किंमत ३६० डॉलर होती. रॉबर्ट्स यांनी घाऊक खरेदीच्या बोलीवर तो ७५ डॉलरला मिळवला. त्यामुळे अख्खा संगणक-संच ३९७ डॉलरला देणे शक्य झाले. बँकेने आणखी कर्ज दिले. मासिकाला मुखपृष्ठ हवे होते आणि कंपनीला जीवदान.

अडचण इथेच आली. पहिला तयार संगणक रेल्वे पार्सलने न्यूयॉर्कला पाठवला, पण तो वाटेतच हरवला. छपाई थांबणार नव्हती. रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी विल्यम येट्स यांचा लेख व आकृत्या तयार होत्या. म्हणून छायाचित्रासाठी रिकामा डबा वापरण्यात आला. संपादकांना हा धोका पत्करता आला, कारण रॉबर्ट्स यांच्या आकृत्यांवरून याआधी वाचकांच्या हातून यंत्रे तयार झाली होती.

हा संगणक काय करू शकत होता? त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. असे आठ खटके लावून एक सूचना किंवा एक संख्या आत सोडायची. अशा एकामागून एक सूचना भरल्या, की यंत्र चालू करायचे. उत्तर पेटलेल्या आणि विझलेल्या दिव्यांवरून वाचायचे. स्मृती होती फक्त २५६ बाइटची. एका बाइटमध्ये इंग्रजीचे एक अक्षर मावते, यावरून ती किती तुटपुंजी होती ते समजेल. वीज गेली की भरलेले सगळे पुसले जाई.

तरीही काही शेकड्यांची अपेक्षा असताना हजारो मागण्या आल्या. संच पोचायला अनेक महिने लागले आणि जादा स्मृतीच्या काही पट्ट्या नीट चालत नसत. मग वाचकच एकत्र येऊन एकमेकांच्या अडचणी सोडवू लागले. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक झाली. तिथे आलेल्या स्टीव्ह वॉझनियाक यांनी पुढे पहिला ‘अॅपल’ संगणक बनवला. मुखपृष्ठ पाहून पॉल अॅलन आणि बिल गेट्स यांनी या यंत्रासाठी ‘बेसिक’ ही संगणकभाषा लिहिली आणि त्यातून ‘मायक्रोसॉफ्ट’ उभी राहिली.

रॉबर्ट्स यांनी १९७७ मध्ये कंपनी विकली. पुढे वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्यांनी जॉर्जियातील एका लहान गावात दवाखाना चालवला. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. मासिकाचे नाव १९८२ मध्ये बदलले आणि झिफ-डेव्हिसने ते १९८५ मध्ये बंद केले.

शिक्षकांना या कथेतून घेण्यासारखी आहे ती संपादकांची कसोटी. आपण वर्गासाठी एखादा प्रयोग लिहून काढतो, तेव्हा तो आपल्याला जमला एवढे पुरेसे नसते. तो कागद प्रयोग न पाहिलेल्या दुसऱ्या वर्गातल्या मुलांच्या हाती द्यावा आणि गप्प बसून पाहावे. मुले जिथे अडतील, तिथेच आपल्या लेखनात काहीतरी राहून गेलेले असते.