नदीकाठच्या दरडीतले पांढरे खडे

रविवारी मोशीजवळ इंद्रायणीच्या काठाने चालत होतो. पावसाने दरड ढासळली होती आणि पिवळसर तपकिरी मातीत बोराएवढे पांढरट खडे दिसत होते. सोबतचा मित्र म्हणाला, "बांधकामाचा राडारोडा दिसतोय."

राडारोडा नाही, ही चुनखड! खिशात लिंबू होतंच. खड्यावर पिळलं, तर फसफसून बुडबुडे आले.

ही पिवळसर तपकिरी माती म्हणजे नदीचा जुना गाळ. पूर्वी नदी उंचावरून वाहायची, पुरात गाळ पसरवायची. पुढे तिने आपलं पात्र खोल कापलं आणि तो गाळ काठावर पायरीसारखा उरला.

खड्यांतला चुना येतो आपल्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून. बेसॉल्ट झिजला की त्यातलं कॅल्शियम सुटतं, पावसाच्या पाण्याबरोबर खाली मुरतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. असे हजारो पावसाळे गेले की खडा तयार होतो!

मुरूम या गाळापेक्षा वेगळा. तो जागच्या जागी कुजलेला खडक, त्याचे तुकडे धारदार. गाळाच्या तळाशी मात्र गोल गोटे सापडतात, कारण ते वाहत आलेत.

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गावच्या अशाच गाळात ज्वालामुखीची राख आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात. तिच्या वयावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पांढुरकी, पिठासारखी राख हातात घेतली तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

चाकण, आळंदीकडे पाया किंवा विहीर खणताना असे थर दिसले तर फोटो टाका. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.