चंद्रदर्शनानंतरच पहिला रोजा

रमजानचा पहिला रोजा कधी, हे बहुतेक मुस्लिमांना आदल्या सायंकाळीच कळते. हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. त्यामुळे शाबानच्या २९ तारखेला सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजावर चंद्रकोर शोधली जाते. ती दिसली किंवा दिसल्याची विश्वासार्ह साक्ष मिळाली, तर दुसऱ्या दिवसापासून रोजे सुरू होतात. अन्यथा शाबानचे ३० दिवस पूर्ण केले जातात. पश्चिमेकडील देशांत सूर्यास्त उशिरा होतो, तोवर कोर अधिक ठळक झालेली असते. २०२५ मध्ये सौदी अरेबियात १ मार्चला, तर भारतात २ मार्चला रमजान सुरू झाला. दाऊदी बोहरा समाजाची तारीख मात्र गणिती पंचांगानुसार आधीच निश्चित असते. त्यामुळे मुंबईसारख्या एकाच शहरात पहिला रोजा वेगवेगळ्या दिवशी येऊ शकतो.